आनंद निवडायचे शुल्क ७०० रुपये : तालुक्यातील एका शिबिराचा अनुभव

जुलैच्या दुसऱ्या रविवारी आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात एक दिवसाचे शिबिर झाले. आनंदी राहायचे की नाही हे प्रत्येकाने स्वतः निवडायचे असते, हा त्याचा विषय होता. शुल्क प्रत्येकी ७०० रुपये होते आणि त्यात नाश्ता, दुपारचे जेवण व २१ दिवस लिहायची एक वही मिळाली. मी आशा गटप्रवर्तक म्हणून काम करते, त्यामुळे मनाच्या आजारांविषयीचे थोडेफार प्रशिक्षण मला मिळालेले आहे. माझ्यासोबत माझी धाकटी जाऊ होती, जी घरची नऊ एकर कोरडवाहू शेती जवळपास एकटीच पाहते. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण माझा आक्षेप संस्थेवर नसून शिबिरातल्या मुख्य वाक्यावर आहे आणि ते वाक्य आता गावोगावच्या शिबिरांत ऐकू येते.

व्यवस्थेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तर्री-पोहे गरम होते, माईक नीट चालला, पंखे पुरेसे होते. शिबिर पावणेसहाला संपेल असे पत्रकात छापले होते, ते सव्वासहाला संपले. तोवर आमच्या गावाची शेवटची एसटी निघून गेली होती. महिलांना एसटीचे तिकीट अर्धेच लागते, पण काळीपिवळीवाला कोणालाच सूट देत नाही. ग्रामीण भागात कार्यक्रम घेणाऱ्यांनी वेळापत्रक आखताना आधी बसस्थानकावरचा फलक वाचावा, एवढी साधी अपेक्षा आहे.

प्रशिक्षक बाहेरून आले होते. माणूस सौम्य, बोलणे गोड आणि तळमळीचे, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सकाळच्या सत्रात त्यांनी पडद्यावर एक गोल आकृती दाखवली : आनंदाचा ५० टक्के भाग जन्मतःच ठरतो, १० टक्के परिस्थितीवर अवलंबून असतो आणि उरलेले ४० टक्के आपल्या हातात असतात. परिस्थितीला जर अवघे १० टक्के असतील, तर तिच्याबद्दल रडत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असा त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला आणि सभागृहात टाळ्या वाजल्या.

ही आकृती सोनिया ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड या संशोधकांच्या २००५ सालच्या लेखातून आलेली आहे. त्या लेखातले आकडे माणसा-माणसांतील फरकाविषयी बोलतात. एका माणसाच्या आनंदाचे ते तीन वाटे नाहीत. हा भेद शेतकऱ्याला समजावणे अवघड नाही. एकाच वावरात, एकाच पावसावर आणि खताच्या एकाच मात्रेवर कपाशीचे दहा वाण लावले, तर उत्पन्नातला फरक जवळपास सगळा बियाण्याचा दिसेल, परंतु त्यावरून पिकाला पाण्याची गरज दहा टक्केच आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्या समाजात बहुतेकांचे पोट भरलेले असते, तिथे परिस्थितीचा वाटा लहान दिसणारच. तोच आकडा उचलून पावसाने पंधरा दिवस दडी मारलेल्या तालुक्यात लावणे मला पटले नाही. शिवाय त्या संशोधकांपैकी दोघांनी २०१९ मध्ये या आकृतीचा फेरविचार केला आणि ४० टक्क्यांचा अंदाज बहुधा जास्तच होता हे मान्य केले. सभागृहातल्या पडद्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचलेली नव्हती.

दुसरे उदाहरण लॉटरीचे होते. लॉटरी लागलेले लोक आणि अपघातात अपंग झालेले लोक काही काळाने सारखेच आनंदी असतात, असे संशोधनाने सिद्ध झाल्याचे आम्हाला सांगण्यात आले. मूळ अभ्यास १९७८ सालचा असून त्यात लॉटरी लागलेले २२ आणि अपघातग्रस्त २९ जण होते. शून्य ते पाचच्या मापावर लॉटरीवाल्यांचा सध्याचा आनंद सरासरी ४.०० निघाला, सर्वसाधारण लोकांचा ३.८२ आणि अपघातग्रस्तांचा २.९६. लॉटरीने फारसा फरक पडला नाही, हे खरे आहे. मात्र अपघाताने फरक पडला आणि तो तिथे आकड्यांत लिहिलेला आहे. लॉटरीची अर्धी गोष्ट घेऊन अपघाताची अर्धी गोष्ट गाळली की ती ऐकायला छान वाटते.

दुपारच्या जेवणानंतर सर्वांना एक कागद देण्यात आला. आदल्या दिवशी आपण स्वतः निवडलेल्या दहा गोष्टी लिहा, अशी सूचना होती. माझा कागद सात-आठ मिनिटांत भरला : सकाळी फिरायला गेले, चहा बिनसाखरेचा घेतला, मुलीला फोन केला, एका बैठकीला नकार दिला, वगैरे. शेजारी जाऊच्या कागदावर एकच ओळ होती, धुऱ्यावर बसून चहा घेतला. मग तिने पेनाला टोपण लावले आणि हळूच मला विचारले, "ताई, बाकीचं तर करावंच लागते ना वो, ते निवडलं म्हणू का?"

फिरत फिरत आलेल्या प्रशिक्षकांनी ते ऐकले आणि "करावे लागते" ऐवजी "मी करते" असे म्हणून पाहा, असे तिला सुचवले. तिने मान डोलावली आणि तसे म्हटलेही. परतताना काळीपिवळीत मात्र ती म्हणाली, "मी दुबार पेरणी करतो म्हटलं तरी बियाण्याची थैली तेवढ्यालेच येते ना."

तिचे बोलणे त्रागा म्हणून सोडून देता येत नाही, कारण निवड करण्याची शक्तीसुद्धा परिस्थितीतूनच येते याला चांगला पुरावा आहे. तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची कापणीपूर्वी आणि कापणीनंतर, अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेण्यात आली होती आणि तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे तीच होती, बुद्धी तीच होती, परंतु पैशाची ओढाताण असलेल्या कापणीपूर्व दिवसांत त्यांना तीच चाचणी जड गेली. पैशाची चिंता डोक्यातली जागा व्यापून बसते, असा त्याचा संशोधकांनी लावलेला अर्थ आहे. आमच्याकडचा जुलै तसाच असतो. पीककर्ज उचललेले, बियाणे जमिनीत गेलेले, निंदण-डवरणी डोक्यावर आणि हातात पैसा दिवाळीच्या सुमारास, तोही सोयाबीनला भाव मिळाला तर. आनंद निवडण्याचे शिबिर नेमके याच महिन्यात ठेवणाऱ्यांना शेतीचे वेळापत्रकही एसटीच्या वेळापत्रकाइतकेच ठाऊक असावे.

मला सर्वांत जास्त खटकलेला प्रसंग शेवटच्या सत्रातला आहे. मागच्या रांगेतील एका बाईंनी उठून सांगितले की दोन महिने रात्री झोप येत नाही, जेवण जात नाही आणि कशातच मन लागत नाही. ही लक्षणे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेली आहेत. इतका काळ टिकली तर माणसाला डॉक्टरकडे पाठवायचे असते. प्रशिक्षकांनी त्यांना व्यासपीठावर बोलावले, टाळ्यांच्या गजरात "आजपासून मी आनंद निवडते" असे तीन वेळा म्हणायला लावले आणि जागेवर बसवले. आजारी माणसाला आजार हीच तुझी निवड आहे असे सांगितले, तर दुखण्यावर अपराधाची भर पडते. चहाच्या वेळी मी त्या बाईंना टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. दिवसभराच्या शिबिरात हा क्रमांक एकदाही कोणाच्या तोंडून आला नाही.

आपल्याच विदर्भातले एक काम या संदर्भात सांगण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा उपक्रम राबवण्यात आला. त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी मनाच्या त्रासाबद्दल बोलणे सुरू केले आणि गरजेनुसार समुपदेशन व डॉक्टर मिळवून दिले. उदासीनतेच्या आजाराने ग्रस्त असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. त्या लोकांनी दीड वर्षात अचानक काही वेगळे निवडले असे मला वाटत नाही. त्यांच्या ओसरीवर कोणीतरी येऊन बसले. माझ्या कामामुळे मी या बाजूला झुकते, हे मान्य आहे.

इतके लिहूनही शिबिर संपूर्ण वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण ती वही उपयोगी आहे. रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणे लिहायची, एवढेच तिच्यात आहे. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाच प्रयोग तपासला होता. आठवडाभर असे लिहिणाऱ्यांच्या मनःस्थितीत सहा महिन्यांनंतरही फरक दिसला होता, मात्र ते सगळे आपणहून भाग घ्यायला आलेले लोक होते. मी २१ दिवस लिहिले आणि मला झोप बरी लागू लागली, हे प्रामाणिकपणे नोंदवते. जाऊने नऊ दिवस लिहिले. तिच्या परवानगीने मी तिची पाने वाचली : आज गाय दुसऱ्याच्या वावरात गेली नाही. मोटार जळली नाही. सासऱ्यांचा दम वाढला नाही. माझ्या वहीत घडलेल्या गोष्टी होत्या, तिच्या वहीत बहुतेक न घडलेल्या. दोघींनी सारख्याच मनापासून लिहिले होते. दरमहा ठरलेला मोबदला हाती पडणारी मी आणि आभाळाकडे पाहणारी ती, यांना एकाच आकृतीत बसवता येत नाही, हे मला त्या पानांवरून जितके कळले तितके दिवसभराच्या व्याख्यानातून कळले नव्हते.

काळीपिवळीची वाट पाहत आम्ही बसस्थानकाच्या ज्या भिंतीजवळ उभ्या होतो, तिच्यावर गाडगेबाबांचा दशसूत्री संदेश रंगवलेला आहे. लहानपणापासून पाहिलेली भिंत असूनही त्या दिवशी क्रम लक्षात आला. यादी भुकेलेल्यांना अन्न इथून सुरू होते, मग पाणी, वस्त्र, शिक्षण, आसरा, औषधोपचार, रोजगार, आणि दुःखी व निराशांना हिंमत हे अगदी शेवटी, दहाव्या ओळीवर येते. शिवाय ती हिंमत दुसऱ्याने द्यायची आहे.

माझे गुण पाचपैकी दोन : एक वहीसाठी, एक जेवणासाठी, कारण वांग्याची भाजी खरोखर उत्तम होती. ज्यांचे घर बऱ्यापैकी चालते आणि तरीही मन मरगळलेले असते, त्यांनी जायला हरकत नाही. ज्यांना झोप नाही, भूक नाही, त्यांनी ७०० रुपये खर्चण्याआधी १४४१६ ला फोन करावा किंवा आपल्या गावच्या आशाताईंना गाठावे. शेवटी ४,५०० रुपयांच्या पुढच्या टप्प्याचे अर्ज वाटण्यात आले, ते आम्ही दोघींनी भरले नाहीत. वही तर स्टेशनरीच्या दुकानात तीस रुपयांना मिळते. जाऊच्या वहीची बरीच पाने कोरी राहिली होती, त्यांवर ती आता निंदणाला येणाऱ्या बायांची हजेरी मांडते.