झेब्राफिश इंजेक्शन वर्कशॉप, महापे: मॅडम भारी, बॅच भरमसाट (तीन स्टार)

नाव लिहीत नाही, महापे एमआयडीसीतली एक प्रायव्हेट लॅब. सात हजार फी, दोन दिवस. ठाण्याहून पहाटेची वाशी लोकल पकडून कोपरखैरणेला उतरले, पुढे रिक्षा, कारण हे पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे सकाळी लाईट लागला की अंडी घालतात, आदल्या रात्री नर-मादीत पार्टिशन घातलेलं असतं ते काढलं की थोड्या वेळात तळाला राजगिऱ्याएवढी काचेसारखी अंडी.

आता गोची अशी की अंडं एका पेशीचं असतं ते जेमतेम ४०-४५ मिनिटं, मॉर्फोलिनो (जीनच्या आरएनएला चिकटून प्रोटीन बनूच न देणारा २५ अक्षरांचा तुकडा) तेवढ्यात टोचलेला बरा, फार तर चार पेशींपर्यंत चालतं. आणि आम्ही १४ जण, इंजेक्टर दोन! माझा नंबर लागेपर्यंत माझी अंडी आठ पेशींवर. मॅडम म्हणे "असू दे गं, हात तर बसेल." अहो मॅडम, मी सात हजार भरलेत.

पण सुई शिकवावी तर त्यांनीच. काचेची नळी ओढून टोक चिमट्याने मोडायचं, मग तेलात थेंब सोडून स्केलवर मोजायचा, साधारण ०.१२ मिमी म्हणजे एक नॅनोलिटर. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर डोस आठपट होतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं! चार सुया फेकायला लावल्या माझ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साधारण ३० तासांची पिल्लं, रक्तवाहिन्या हिरव्या चमकणारी जात. साध्या पिल्लात पाठीतून वर जाणाऱ्या बारीक नळ्या, अगदी बोंबलाच्या काट्यासारख्या ओळीत. मॉर्फोलिनोने व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढायला लावणारं प्रोटीन) दाबलेल्यात त्या गायब, तरी हृदय टकटक चालू! पिल्लू एवढंसं की पाण्यातला ऑक्सिजन थेट अंगात झिरपतो, म्हणून रक्त न फिरताही काही दिवस जगतं. हे बघताना सगळा राग विसरले, खरंच.

मग कंट्रोलचा (बिघाड खरंच त्या जीनमुळे की टोचण्यामुळेच, हे पडताळायची तुलना) विषय काढला. मॉर्फोलिनोने पी५३ (पेशीला मरायला लावणारं प्रोटीन) चाळवून पेशी उगाच मरतात, आणि २०१५ मध्ये तर ईजीएफएल७ (रक्तवाहिन्यांशी संबंधित जीन) चे म्युटंट, म्हणजे तो जीनच बिघडवलेले, मासे जवळपास ठणठणीत निघाले, मॉर्फोलिनोने दाबलेले मात्र बिघडलेले, कारण म्युटंटमध्ये दुसरे जीन भरपाई करतात. यावर उत्तर काय, तर "वेळ नाही, सर्टिफिकेट घ्या." वडापाव गार होता.

जाणार असाल तर आधी फोन करून बॅच किती जणांची ते विचारा, आणि पहिला नंबर लावून घ्या.