युरोपातली गडगडाटी वादळं : ईस्टोफेक्स पाहावं की मेटिओअलार्म?

युरोपात उन्हाळ्यात तंबूत मुक्काम असो, मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम असो की वादळांचे फोटो काढायला निघायचं असो, आधी कोणता नकाशा उघडायचा हे ठरवावं लागतं. ईस्टोफेक्स हा हवामानतज्ज्ञ आणि हवामानशास्त्राचे विद्यार्थी 2002 पासून विनामोबदला चालवत आलेला गडगडाटी वादळांचा अंदाज आहे. मेटिओअलार्म 2007 मध्ये सुरू झालं. तिसाहून अधिक देशांच्या सरकारी हवामान खात्यांचे इशारे तिथे एकत्र दिसतात. माझा कल स्पष्ट आहे: आदल्या संध्याकाळी बेत आखताना ईस्टोफेक्स, प्रत्यक्ष दिवशी मेटिओअलार्म.

ईस्टोफेक्सच्या नकाशाला देशांच्या सीमा नाहीत. स्पेनला जी मोजपट्टी तीच पोलंडला: 2 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गारा, सेकंदाला 25 मीटर म्हणजे ताशी 90 किलोमीटर किंवा त्याहून वेगवान वाऱ्याचे झोत, टोर्नॅडो किंवा अतिमुसळधार पाऊस. धोक्याच्या पातळ्या तीन. शिवाय कुठल्याही ठिकाणापासून 40 किलोमीटरच्या आत विजा होण्याची शक्यता 15 आणि 50 टक्के कुठे आहे, तेही रेषांनी दाखवलेलं असतं.

खरा ऐवज मात्र नकाशाखालच्या मजकुरात आहे. समजा, स्पेनच्या पठारावरची तापलेली कोरडी हवा फ्रान्सवर सरकली आणि खालच्या दमट हवेवर झाकणासारखी बसली. ते टिकलं तर दिवसभर नुसता उकाडा, एक ढगही नाही. संध्याकाळी फुटलं, आणि वर जाताना वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत असेल, तर मोठ्या गारांची, तासन्‌तास टिकणारी वादळं. ‘एक तर काहीच नाही, नाहीतर भयंकर’ असा हा दिवस नुसत्या रंगावरून कळत नाही. अंदाज देणाऱ्याला नेमकी कशाची शंका आहे, हे तो तिथे लिहितो. हा मजकूर इंग्रजीत आणि तांत्रिक असतो, तरी वाचायची सवय लावून घ्याच.

मेटिओअलार्मचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग सगळीकडे सारखे, पण कोणत्या वाऱ्याला किंवा पावसाला नारिंगी म्हणायचं हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. म्हणून सीमेवर रंग अचानक बदलला तर तिथे वादळ थांबलं असं समजू नका. तरीही अधिकृत इशारा तोच. तो दिवसभरात बदलत राहतो, आणि कार्यक्रम थांबवायचा निर्णय त्यावरच घ्यावा. ईस्टोफेक्स स्वयंसेवकांच्या सवडीवर चालतं, त्यामुळे रोज नवा अंदाज मिळेलच असं नाही. तिथे नकाशा नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे.

दोन्हींची मर्यादा 18 ऑगस्ट 2022 च्या सकाळी भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका या फ्रेंच बेटावर दिसली. समुद्रावरून आलेल्या वादळात मारिन्याना इथे ताशी 225 किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचे झोत नोंदवले गेले. हवामानाच्या संगणकीय मॉडेलांना त्याची तीव्रता पकडता आली नव्हती, आणि नारिंगी इशारा निघाला तो वादळ बेटावर आदळत असताना. कॅम्पिंगच्या जागांवरही माणसं दगावली. तंबूत किंवा गर्दीची जबाबदारी घेऊन असाल, तर त्या देशाच्या हवामान खात्याचं रडार आणि विजांचा थेट नकाशा फोनवर उघडा ठेवा, आणि पक्क्या इमारतीत पोचायला किती मिनिटं लागतात हे आधी चालून बघा.