स्प्रिट्झ: डोळे स्थिर ठेवून वाचन खरंच वेगानं होतं का?

२०१४ मध्ये आलेल्या स्प्रिट्झ या वेगवाचनाच्या तंत्रात पडद्यावर एका वेळी एकच शब्द उमटतो आणि त्यातलं एक अक्षर लाल असतं. नजर तिथेच खिळवायची. वाचनाचा ८० टक्के वेळ डोळे हलवण्यात जातो, हा ते बनवणाऱ्यांचा मूळ दावा. तो चुकीचा आहे. एका शब्दावर नजर साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबते, पुढच्या शब्दाकडे डोळ्यांची उडी मात्र २० ते ३५ मिलिसेकंदांत संपते. म्हणजे वाचवण्यासारखा फारसा वेळ तिथे नसतोच.

मिनिटाला ५०० शब्द ठेवले, की प्रत्येक शब्दाला सरासरी १२० मिलिसेकंद मिळतात. शिवाय मागे वळून पाहता येत नाही, आणि नेहमीच्या वाचनात १० ते १५ टक्के वेळा आपण मागे वळतोच. मराठीत हे फार महागात पडतं. ‘मुदतीपूर्वी परतफेड केल्यास दंड आकारला जाणार नाही’ हे वाक्य घ्या. शेवटचं ‘नाही’ निसटलं, तर अर्थ उलटा!

छोटे निरोप, ओळखीच्या विषयावरच्या बातम्या यांसाठी मिनिटाला २५० ते ३०० शब्दांचा वेग ठीक. घड्याळाच्या छोट्या पडद्यावर तर ही पद्धत सोयीची. करारपत्र, गणित, कविता यांना लावू नका.

अभ्यासाला वेळ कमी असेल, तर आधी शीर्षकं, मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य, आकृत्या आणि शेवटी हवा तोच भाग सावकाश वाचा. याला चाळणं म्हणतात. यात काय सोडलं ते आपल्याला ठाऊक असतं. स्प्रिट्झमध्ये ते कळतही नाही.