'शॅग': घरी खोटे सांगून समुद्राकडे गेलेल्या चौघी

'शॅग' हा १९८९ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो गेल्या महिन्यात, बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या घरी, ऐंशीच्या घरात पोचलेल्या मावशीच्या शेजारी बसून. साठीच्या दशकाचा आरंभ, समुद्र आणि मैत्रिणी या तिन्ही गोष्टी एका कथेत आहेत, एवढ्यावरूनच मी तो निवडला होता. मावशी निम्म्यात डुलक्या घेऊ लागेल असे मला वाटले होते, पण झाले उलटेच. पहिल्या पंधरा मिनिटांतच तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "थांबव गं जरा. ह्या पोरींनी घरात काय सांगितलं म्हणालीस?"

त्या पोरींनी घरी सांगितले होते ते असे. वर्ष १९६३, उन्हाळ्याचे दिवस. दक्षिण कॅरोलिना राज्यातील स्पार्टनबर्ग या आतल्या भागातील गावी चार मैत्रिणी राहतात. शाळा संपली आहे, आणि त्यांच्यापैकी कार्सनचे लग्न एका सुस्थित, सरळमार्गी आणि विलक्षण कंटाळवाण्या मुलाशी ठरले आहे. उरलेल्या तिघी तिला शेवटचे दोन-चार दिवस आपल्यासाठी मागून घेतात आणि फोर्ट समटर हा किल्ला पाहायला चाललो आहोत, असे सांगून उघड्या टपाच्या मोटारीतून थेट मर्टल बीच गाठतात. फोर्ट समटर म्हणजे १८६१ साली अमेरिकन यादवी युद्धाच्या पहिल्या तोफा जेथे धडाडल्या ते ठिकाण. मुलींनी इतिहास पाहायला जावे याला कोणते आईवडील हरकत घेणार? नेमके इतके सोवळे कारण शोधणे, यातच पटकथेची खरी हुशारी आहे.

मावशीने चित्रपट थांबवायला लावला तो याचसाठी. १९६३ च्या मे महिन्यात तीही आपल्या तीन मैत्रिणींबरोबर बेळगावहून निघाली होती, आणि त्यांनी घरी सांगितलेले कारण होते मंगेशीचे दर्शन. त्या वर्षांत हे कारण किती नवे आणि किती बिनतोड होते, हे आजच्या वाचकाला थोडे समजावून सांगावे लागेल. गोवा आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असला तरी १९५५ नंतर पोर्तुगिजांच्या हद्दीकडची रेल्वे बंद होती आणि सरहद्द ओलांडणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले राहिले नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या पायदळ डिव्हिजनची जमवाजमव बेळगावात झाली, १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि अनेक बेळगावकरांची कुलदैवते पुन्हा एकदा गाडीच्या तिकिटाच्या अंतरावर आली. देवाबरोबर समुद्रही आला, पण तो घरात मोठ्याने बोलायचा विषय नव्हता. लोंढ्याहून कॅसलरॉक, तेथून दूधसागराला वळसा घालून मडगाव, आणि मडगावहून कोलव्याचा किनारा, असा त्या चौघींचा प्रवास झाला. मंगेशी राहिले ते राहिलेच. परतताना मडगावच्या बाजारात नारळ आणि फुलांची पुडी घेऊन तोच प्रसाद म्हणून घरी दिला गेला. पकडल्या गेल्या त्या पातळांच्या निऱ्यांमुळे, कारण धुवायला टाकलेल्या पातळाच्या फॉलमधून आजीच्या हातात चिमूटभर वाळू आली.

ही हकीकत मी इतके आयुष्य मावशीच्या मांडीवर काढूनही कधी ऐकली नव्हती, आणि एखाद्या चित्रपटाच्या पदरात यापेक्षा मोठी पावती टाकता येईल असे मला वाटत नाही.

आता चित्रपटाविषयी. दिग्दर्शिका झेल्डा बॅरन या मूळच्या इंग्लंडच्या, आणि परक्या नजरेचा त्यांना फायदाच झाला आहे. अमेरिकी माणूस आपल्या तारुण्याकडे पाहताना जे उसासे टाकतो, ते येथे बरेच कमी आहेत. केसांना गुंडाळलेली रोलर, फुगवून बसवलेला केशसंभार, घट्ट इस्त्रीचे झगे, हे सगळे आहे, पण कॅमेरा त्यावर रेंगाळत बसत नाही. तो रेंगाळतो तो चौघी एका खोलीत असताना. पलंगावर आडव्या-तिडव्या पडून बोलणाऱ्या, एकमेकींचे बोलणे अर्ध्यावर तोडणाऱ्या, दुखावणाऱ्या आणि मग न बोलताच समेट करणाऱ्या या मुली पाहताना मला महाविद्यालयातील लेडीज रूमची आठवण झाली. आपल्या मैत्रिणीने चुकीच्या मुलाशी लग्न करू नये, एवढाच त्यांचा मुद्दा नाही. ती लग्न करून गेली की चौघींची ही टोळी संपणार, हे त्यांना कळते आणि ते तोंडाने कोणीच म्हणत नाही. त्यांचा सगळा दंगा त्या न बोललेल्या गोष्टीतून येतो.

फीबी केट्स हिची कार्सन देखणी आहे आणि पटकथेने तिला जेवढे दिले आहे तेवढे ती नीट करते. ब्रिजेट फोंडा हिची मेलेना मात्र पडद्यावर आली की बाकीच्यांना झाकून टाकते. पाद्र्याची ही मुलगी, हॉलिवुडमध्ये नटी होण्यासाठी काहीही करायला तयार. गंमत अशी की ही भूमिका करणारी मुलगी हेन्री फोंडाची नात आणि पीटर फोंडाची लेक. लुअॅनचे काम करणारी पेज हॅना ही डॅरिल हॅनाची बहीण, आणि कार्सनचा नियोजित वर झाला आहे तो टायरोन पॉवरचा मुलगा. हॉलिवुडचे दार ठोठावणाऱ्या मुलीच्या गोष्टीत निम्मी मंडळी त्या दाराच्या आत जन्मलेली आहेत. पण माझी सर्वांत आवडती पात्र आहे ती पज, म्हणजे अॅनाबेथ गिश. 'पज' हे तिच्या गुबगुबीतपणावरून पडलेले नाव, आणि ते नाव हाक म्हणून ऐकताना तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटणारी सवयीची हसरी कळ त्या मुलीने फार नेमकी पकडली आहे. आपल्याकडे 'जाडे' म्हणून हाका मारल्या गेलेल्या प्रत्येक मुलीला ती कळ ओळखू येईल.

मुलांची पात्रे त्या मानाने लाकडी आहेत. गायक म्हणून मिरवणाऱ्या जिमी व्हॅलेंटाइनचा सगळा भाग मला लांबलेला वाटला, आणि समुद्रकाठच्या घरातील पार्टीचा गोंधळ हा तर कोणत्याही किशोरवयीन चित्रपटात उचलून ठेवता येईल असा आहे. त्या दहा मिनिटांत मी उठून कुकर लावून आले आणि माझे काही बिघडले नाही.

चित्रपटाचे नाव ज्यावरून आले तो शॅग हा जोडीने करायचा नाच आहे आणि १९८४ पासून तो दक्षिण कॅरोलिनाचा अधिकृत राज्यनृत्य आहे. नृत्यदिग्दर्शन केनी ऑर्टेगा यांचे. १९६३ च्याच उन्हाळ्यात घडणाऱ्या, पण समुद्राऐवजी डोंगरातल्या एका विश्रामस्थळी रंगणाऱ्या 'डर्टी डान्सिंग' या १९८७ च्या गाजलेल्या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शनही त्यांचेच होते, आणि त्या यशाच्या सावलीत 'शॅग' झाकला गेला हे उघड आहे. मला मात्र या दोघांत 'शॅग'मधला नाच अधिक आवडला, कारण तो दाखवण्यासाठी नाचला जात नाही. सहा मात्रांत आठ पावले, असा त्याचा मूळ हिशेब. कमरेच्या वरचे अंग जवळजवळ स्थिर, चेहरा निवांत, आणि सगळी करामत घोट्याच्या खाली. वाळूवर किंवा लाकडी फरशीवर पाऊल उचलायचे नाही, घासत न्यायचे. पज नाचू लागते तेव्हा तिचे खांदे हळूहळू सैल पडत जातात, आणि आपल्या देहाविषयीची तिची सगळी लाज जणू पायांतून खाली निघून जाते. हा बदल एका शब्दाशिवाय दाखवला आहे.

येथेच माझी मोठी तक्रारही सुरू होते. हा नाच आणि त्यासोबतचे संगीत, ज्याला त्या किनाऱ्यावर 'बीच म्युझिक' म्हणतात, ते कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमधून आले आहे. मर्टल बीचमध्येच चार्ली फिट्झजेराल्ड या कृष्णवर्णीय व्यावसायिकाचा 'चार्लीज प्लेस' हा क्लब होता. तेथे गोरी मुलेही येत आणि तेथेच ही पावले उचलत. ऑगस्ट १९५० मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने त्या क्लबवर गोळीबार केला, फिट्झजेराल्ड यांना पळवून नेऊन बेदम मारहाण केली, आणि त्या रात्री मारला गेलेला एक हल्लेखोर पोलीस अधिकारी निघाला. चित्रपटातील तेरा वर्षांनंतरच्या मर्टल बीचवर यातले काहीही नाही. याहून बोलका तपशील असा की, गोऱ्यांपुरती राखलेली सरकारी उद्याने सर्वांना खुली करा असा आदेश न्यायालयाने ज्या उन्हाळ्यात दिला तो उन्हाळा १९६३ चाच, आणि राज्य सरकारने आदेश पाळण्याऐवजी सप्टेंबरात सगळी उद्यानेच बंद करून टाकली. मर्टल बीचचे उद्यानही त्यात आले. म्हणजे आपल्या चौघी परत गेल्यानंतर काही आठवड्यांतच.

हलक्याफुलक्या चित्रपटावर एवढे ओझे का लादावे, असे कोणी विचारील. मी ते लादत नाही, पण ज्या काळाची आठवण म्हणून प्रेक्षकाला हाक मारायची, त्यातील समुद्र कोणाला मोकळा होता आणि कोणाला नव्हता एवढे तरी एखाद्या पाटीतून दिसायला हवे होते. त्या दशकाच्या आरंभी प्रत्यक्ष निघालेल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या चित्रपटांना निदान अज्ञानाचा बहाणा होता. पंचवीस वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्याला तो नाही. सरहद्दीच्या या बाजूला वाढलेल्या, आणि पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून गाव पेटलेले पाहिलेल्या माणसाला तर पाटीवर काय लिहिले आहे हे न दाखवणे लगेच खुपते.

मावशीचे मत माझ्याहून निराळे पडले. तिच्या तीन मैत्रिणींपैकी एकीचे लग्न निपाणीच्या तंबाखूच्या पेढीत ठरलेले होते, आणि त्यांच्या सहलीमागचे खरे कारणही तेच होते. कोणी तिला लग्न मोड म्हटले नाही, म्हणण्याची पद्धतच नव्हती. "ह्यांच्यात बोलता येतं की," मावशी म्हणाली, "आम्ही नुसतं पाण्यात उभ्या राहिलो घोट्याइतक्या, आणि गप्प बसलो." चित्रपटाचा शेवट मी येथे सांगत नाही, पण तो तिला अतिशय सोपा वाटला आणि तरीही आवडला.

पाहू इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. चित्रपट दीड तासाहून थोडा अधिक आहे. मद्यपान, चुंबने आणि थोडी द्व्यर्थी बडबड आहे, तेव्हा लहान मुलांबरोबर नको, पण दहावी ओलांडलेल्या मुलींबरोबर आणि त्यांच्या आज्यांबरोबर जरूर पाहावा, शक्यतो दोघींना एकत्र बसवून. मराठी सबटायटल नाहीत. दक्षिणेकडचे ओढून बोललेले इंग्रजी सवयीचे नसेल तर पहिला अर्धा तास कठीण जातो. आम्ही ज्या ऑनलाइन सेवेवर तो भाड्याने घेतला तेथील प्रत फिकट होती, समुद्र राखाडी दिसत होता, आणि इंग्रजी सबटायटल संवादाच्या दोन सेकंद मागे धावत होती. ती लावून बघावीच लागतात. फक्त नाचाच्या स्पर्धेपुरती बंद करावीत, कारण अक्षरे नेमकी पायांवर येतात. मावशीने तो भाग तीनदा मागे न्यायला लावला, आणि तिसऱ्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या चपला काढून ठेवल्या.