बुटक्या दाढेवर क्राउन: लिथियम डायसिलिकेट की झिर्कोनिया?

"मॅडम, दाढ बुटकी आहे, क्राउन (दातावरची टोपी) कशाचा देऊ?" सदाशिव पेठेतल्या माझ्या क्लिनिकमध्ये ज्युनिअरने विचारलं.

पर्याय दोन सिरॅमिकचे: लिथियम डायसिलिकेट किंवा झिर्कोनिया. बुटक्या दाढेवर क्राउनला धरायला उंची कमी, म्हणून आधी चिकटण्याचं बघू. लिथियम डायसिलिकेटमध्ये काच असते. ५ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल २० सेकंद लावून धुतलं की क्राउनची आतली बाजू खडूसारखी पांढरट दिसते. त्यावर सायलेन (काच आणि रेझिनला जोडणारं रसायन), मग रेझिन सिमेंट. ही पकड वर्षानुवर्षं टिकते.

झिर्कोनियात काचच नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे चालत नाही. ५० मायक्रॉन अॅल्युमिनाच्या बारीक भुकटीचा हलका मारा (सँडब्लास्टिंग) आणि एमडीपी हे झिर्कोनियाला धरणारं रसायन असलेला प्रायमर, म्हणजे सिमेंटआधीचा थर, लागतो. खरा घात करते ती लाळ. तिच्यातलं फॉस्फेट प्रायमरची जागा अडवतं, आणि फॉस्फोरिक आम्लाने पुसलंत तर आणखीच बिघडतं. म्हणून क्राउन तोंडात बसवून बघितल्यानंतरच सँडब्लास्टिंग करा, कितीही घाई असली तरी.

मजबुतीत झिर्कोनिया सरळ पुढे.

बुटकी दाढ, ओलावा नीट रोखता येतोय, तर लिथियम डायसिलिकेट. रात्री दात खाणारा पेशंट, दाढेला पुरेशी उंची, हिरडीजवळ ओल, तर झिर्कोनिया. तिथे साधं ग्लास आयोनोमर सिमेंटही पुरतं.