बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज की खारघर: पायी जगायला कोणतं बरं?

दोन्ही सिडकोने (शहर वसवणारी सरकारी संस्था) वसवलेल्या नवी मुंबईतच, पण चालणाऱ्याचा अनुभव अगदी वेगळा.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेज या बैठ्या घरांच्या वसाहतीचं माप अंगणाचं आहे. सात घरं मिळून साधारण ८ बाय ८ मीटरचं अंगण, असे तीन गट मिळून १२ बाय १२चा चौक, मग त्याहून मोठी मोकळी जागा. भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही, त्यामुळे मजला चढवायला शेजाऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही. खर्च वाचवायला शेजारच्या दोन घरांची शौचालयं मात्र जोडीने बांधली. मूल दारातून निघतं ते थेट अंगणात, रस्ता मध्ये येतच नाही. गोची इथेच आहे: गाड्या वाढल्या आणि त्याच अंगणात उभ्या राहू लागल्या. काही मूळ कौलारू घरं पाडून जास्त मजल्यांची घरं झाली, तिथे उजेड कमी झाला.

खारघरचं माप रस्त्याचं. रुंद रस्ते, मोठे सेक्टर. सेंट्रल पार्कात फेरी मारायला छान, पण कोथिंबिरीची जुडी आणायलाही मोठा रस्ता ओलांडावा लागू शकतो. स्टेशन आणि बहुतेक सेक्टर यांच्यामध्ये सायन-पनवेल महामार्ग आडवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो (११ स्थानकं) सुरू झाल्यावर उत्सव चौक, सेंट्रल पार्कजवळच्यांची सोय झाली.

घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर आर्टिस्ट व्हिलेज. रोज लोकल पकडायची असेल तर खारघर, तेही मेट्रो स्थानकापासून दहा मिनिटांच्या आत, म्हणजे मेट्रोने बेलापूरला जाऊन लोकल पकडता येईल. घर बघायला जुलैत, छत्री घेऊन, चालत जा.