श्रीलंकेची किनारा रेल्वे: स्वतः आखलेल्या समुद्रसहलीला कितपत पुरते?

आपल्याकडच्या टूरवाल्यांची श्रीलंका ठरलेली असते. सहा दिवस, एक गाडी, एक ड्रायव्हर आणि त्यात कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, कोलंबो सगळं कोंबलेलं. समुद्र वाट्याला येतो एखादी संध्याकाळ. शिवाय परदेशी पॅकेज म्हटलं की पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतो, पण तोवर पैसा अडकतो. ज्यांना फक्त समुद्रच हवा आहे त्यांना एवढ्या खटाटोपाची गरज नाही. कोलंबोच्या फोर्ट या मुख्य स्टेशनवरून निघून गॉल, मातारा करत बेलिअत्तापर्यंत जाणारी एक रेल्वे लाइन आहे. अलुथगामा (बेंटोटासाठी इथंच उतरायचं), अंबलनगोडा, हिक्कडुवा, गॉल, वेलिगामा, मिरिस्सा ही सगळी किनाऱ्यावरची गावं तिच्यावर ओळीनं येतात. आठ दिवसांची सहल या एका लाइनवर बसते. फक्त महिना चुकवायचा नाही.

आणि मराठवाड्यातला माणूस नेमका महिनाच चुकवतो. लेकरांना सुट्ट्या मे महिन्यात, म्हणून तिकिटं मेची. पण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मान्सून आधी याच किनाऱ्यावर आदळतो. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, लाल बावटे लागलेले. दिवाळीच्या सुट्टीतही दुपारनंतर जोराच्या सरी असतात. गॉलच्या बाजूला जायचं तर डिसेंबरचा मध्य ते मार्च. सोयाबीनचे पैसे हातात आलेले आणि ज्वारी अजून हुरड्यावर, तो काळ बरोबर जुळतो. मे-जूनशिवाय जमतच नसेल तर ही लाइन सोडा आणि फोर्टवरूनच रात्रीच्या गाडीनं पूर्वेला त्रिंकोमालीला जा. तिकडं एप्रिल ते सप्टेंबर समुद्र शांत असतो. निलावेली आणि उप्पुवेलीचे किनारे उथळ आहेत, लेकरांना सोयीचे. एप्रिलची १३ आणि १४ तारीख मात्र दोन्हीकडे टाळा. सिंहली-तमिळ नववर्ष असतं, निम्मी दुकानं बंद आणि गाड्यांना लोंबकळणारी गर्दी.

नांदेड, लातूर, उदगीरकडच्यांना हैदराबाद सोपं पडतं, तिथून कोलंबोला थेट विमान आहे. जालना-संभाजीनगरच्यांनी देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरायचं आणि विमान दुपारनंतरचं धरायचं. सकाळचं विमान धरून देवगिरीच्या वेळेवर भरवसा ठेवणं म्हणजे तिकिटाचे पैसे पाण्यात. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत शिरायची ऑनलाइन परवानगी, काढायची ती सरकारी साइटवरूनच. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही आणि एलके असेल तरच पुढं जा. हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइट त्याच कागदाचे जास्तीचे पैसे घेतात.

विमानतळ कोलंबोत नाही, तीसेक किलोमीटर उत्तरेला कटुनायके इथं आहे. विमान रात्री उतरत असेल तर कोलंबोत शिरू नका, जवळच नेगोंबोला मुक्काम करा. दिवसा उतरलात तर १८७ नंबरची बस फोर्ट स्टेशनच्या परिसरात सोडते.

आता रेल्वे. रूळ आपल्यासारखेच रुंद, साडेपाच फुटी. डबे तीन वर्गांचे. पहिल्या वर्गाचं आणि काही गाड्यांत दुसऱ्या वर्गाचं आरक्षण ३० दिवस आधी उघडतं, पण फोर्ट ते गॉल या दोन-अडीच तासांसाठी त्याच्या मागं लागायचं कारण नाही. बिनआरक्षणाचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट तेवढ्याच अंतराच्या आपल्या एसटीपेक्षा महाग पडत नाही. कित्येक स्टेशनांवर अजून जाड पुठ्ठ्याचं बोटभर तिकीट मिळतं, आपल्याकडं पूर्वी मिळायचं तसंच. ते खिशात सांभाळा, कारण उतरल्यावर फाटकावरचा माणूस ते परत मागून घेतो. हरवलं की दंडाची कटकट.

जागा मिळवायची युक्ती अशी की फोर्टवर चढूच नका. बऱ्याच गाड्या एक स्टेशन अलीकडून, मरदानाहून सुटतात. रिक्षानं तिथं जाऊन बसलात की फोर्टची झुंबड आत येईपर्यंत तुम्ही खिडकीशी. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी चार ते सात या वेळेत पानादुरा-अलुथगामापर्यंत चाकरमान्यांची गर्दी असते. सामान आणि लेकरं घेऊन त्यात शिरणं वेडेपणा आहे. दहाच्या पुढची गाडी धरा.

समुद्र उजव्या हाताला असतो. बंबलपिटियाच्या पुढं रूळ पाण्याला इतके खेटून जातात की भरतीला खिडकीतून खारे तुषार अंगावर येतात. मोबाइल खिडकीबाहेर काढून धरणाऱ्यांनी जपावं, शेजारच्या रुळावरची गाडी हातभर अंतरावरून जाते. गॉलला एक गंमत होते. तिथं लाइन संपल्यासारखी होते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी आली त्याच बाजूनं बाहेर पडून माताराकडं वळते. म्हणजे ज्या खिडकीनं समुद्र दाखवला ती आता डोंगराकडची. मिरिस्सापर्यंत जायचं असेल तर गॉलला लोक उतरतात तेवढ्यात बाजू बदलून घ्या.

अंबलनगोडा सोडल्यावर हिक्कडुवाच्या अलीकडं पेरलिया लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथंच भरलेली गाडी रुळांवरून उचलली गेली आणि दीड हजाराहून जास्त माणसं गेली. रुळांजवळ स्मारक आहे.

दोष सांगायचे तर संडास वाईट, वरची फळी अरुंद (मोठी चाकाची बॅग तिच्यावर मावत नाही, पायात येते) आणि डब्यात घोषणा जवळजवळ नसतेच, फोनवर नकाशा उघडा ठेवूनच उतरायचं. सगळ्यात मोठा दोष मात्र संप. तो कधीही होतो, आदल्या रात्री जाहीर होतो. अशा वेळी समांतर जाणाऱ्या गॉल रोडच्या बस आहेतच. सरकारी बस लाल, आपल्या लालपरीची बहीण शोभावी अशी, पण सामानाला जागा नाही आणि ड्रायव्हर अंगावर काटा आणतो. गॉल गाठायला त्यापेक्षा कोलंबोजवळच्या मकुंबुराहून सुटणारी एक्स्प्रेसवेची बस बरी. समुद्र दिसत नाही, वेळ मात्र वाचतो.

मुक्काम रोज बदलायचा नाही. चार रात्री गॉल किंवा त्याच्या शेजारचं उनवटुना, तीन रात्री मिरिस्सा किंवा वेलिगामा, एवढं पुरतं. खोली घेताना नकाशावर एकच गोष्ट बघा: घर गॉल रोडच्या कोणत्या बाजूला आहे. हिक्कडुवात रस्ता आणि वाळू यांच्यामधल्या पट्टीत समुद्र पायाशी मिळतो, पण पहाटेपासून बसचे भोंगेही मिळतात. दराच्या पुढं अधिकची दोन चिन्हं असली तर सेवा शुल्क आणि कर वेगळा लागणार. पंख्याची आणि एसीची खोली, दोन्हींचा भाव वेगळा विचारा.

उनवटुनाचा किनारा आडोशाचा आहे, पोहायला तोच धरा. वेलिगामाला सर्फिंग शिकवतात. मिरिस्साहून नोव्हेंबर ते एप्रिल देवमासे बघायला बोटी जातात. पहाटे निघतात, तासन्‌तास हलतात, तेव्हा उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधीच घ्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना एक वेगळं सांगावं लागतं. विहिरीचं पाणी ओढत नाही. इथं परतीचा प्रवाह माणसाला आत नेतो आणि चांगला पोहणारा किनाऱ्याकडं तोंड करून झुंजत दमतो. प्रवाहाशी भांडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं, मग किनाऱ्याकडं वळायचं. लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही नको.

जेवणाला तिखटाची तक्रार मराठवाड्यातला माणूस करणार नाही. भात, परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, दोन-तीन भाज्या आणि पोल सांबोल. हा सांबोल खोबरं, लाल मिरची, लिंबाचा; बघितल्यावर आपलीच चटणी वाटते. पण शाकाहाऱ्यांनी इथंच फसायचं असतं. त्यात आणि पुष्कळदा भाज्यांतही उंबलकड घालतात, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. ‘व्हेज’ म्हटल्यावर तो निघत नाही, कारण त्यांच्या लेखी तो मसाला आहे. ‘मस, मालु एपा’ म्हणजे मटण-मासे नको, आणि लगेच ‘उंबलकड एपा’ हे वेगळं म्हणायचं. सकाळचे इंडिअप्पा म्हणजे शेवया आणि परिप्पु बहुतेक बिनधोक. कडक शाकाहाऱ्यांनी कोलंबोत वेल्लवत्ता गाठावं, तमिळ शाकाहारी हॉटेलं तिथं आहेत. धपाटे तीन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी आणि येसर सहलभर.

पैसे डॉलरमध्ये न्या आणि विमानतळावरच्या बँकांच्या खिडक्यांवर बदला. २०२४ पासून तिकडं यूपीआयही चालतं, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पर्याय इथूनच चालू करून जा. रेल्वेच्या खिडकीवर आणि रिक्षाला रोखच लागते. कोलंबोत पिकमी ॲपनं रिक्षा मिळते. किनाऱ्यावरच्या गावांत रिक्षावाले ॲपला जुमानत नाहीत, बसायच्या आधी भाव ठरवा. दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी बँका बंद, दारूविक्री बंद आणि रेल्वे तुडुंब. कालनिर्णय बघून मुक्काम बदलायचा दिवस ठरवा.

परतीला गॉलहून थेट विमानतळाचा हिशेब मांडू नका. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं फोर्ट, तिथून नेगोंबो, रात्री तिथंच झोप. त्या दिवशी संप असला तरी एक्स्प्रेसवेच्या बसला अख्खी दुपार हातात उरते.